सीटखालची गाठ

या, जवळ सरका. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे या, जागा आहे. ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. हिच्यात एक चोरी आहे, चार जणांवर संशय आहे आणि एका मेलेल्या माणसाच्या नावावर असलेली गाठ आहे. खून मात्र नाही. ज्याला खूनच हवा असेल, त्याने आत्ताच उठावं, मी रागावणार नाही. आणि मध्येच कुणी विचारू नका की यात देव कुठे आला. तो सीटखाली आहे. शेवटपर्यंत बसलात तर तुमच्याही हाताला लागेल.

१

गाड्या विकण्याचं एक मोठं दुकान होतं. समोरून सगळी काच, आत आरशासारखी फरशी, आणि मधोमध एक नवी कोरी गाडी ठेवलेली. ती विकायची नव्हती, नुसती दाखवायची. याच गाडीचे तीन प्रकार मिळत. कंपनीने त्यांना भारी भारी नावं दिली होती, पण दुकानातले लोक आपापसात साधी, बरी आणि भरलेली असंच म्हणत. मधोमध उभी होती ती भरलेली.

ती दाखवण्याचं काम एका विक्रेत्याकडे होतं. त्याला सगळे पोपट म्हणत, कारण तिन्ही प्रकारांत काय आहे नि काय नाही, ते तो एका दमात म्हणून दाखवी. त्या सकाळी एका उंच गिऱ्हाइकापुढे त्याचं चाललं होतं.

"सहा स्पीकर, मागे कॅमेरा, काचेवर थेंब पडला की आपोआप फिरणारे वायपर, गारवा धरणारा खण, आणि चालकाची सीट वर-खाली. तुम्ही उंच, तुमच्या सौभाग्यवती बेताच्या, तरी भांडण नाही. असा हात खाली घालायचा, दांडी ओढायची, की—"

पोपटचा हात खाली गेला आणि तिथेच थांबला. दांडी नव्हती. बोटांना नुसतं गुळगुळीत प्लास्टिक लागलं.

गिऱ्हाईक गेल्यावर तो व्यवस्थापकांच्या, म्हणजे साहेबांच्या खोलीत गेला.

"साहेब, दाखवायच्या गाडीतून चोरी झाली."

"काय गेलं? सीट?"

"सीट आहे साहेब. उंची गेली."

वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. ते गुडघ्यावर बसले, कडेचं प्लास्टिक सैल करून आत डोकावले आणि जरा जास्तच वेळ डोकावत राहिले. मग म्हणाले, "सांगाडा साध्या गाडीचा आहे. वरचं कापड तेवढं भरलेल्या गाडीचं. कुणीतरी सीट बदलली, आणि ओळखू येऊ नये म्हणून कापडंही अदलाबदल करून चढवली."

"हे बोल्ट कशाने उघडतात?"

"चांदणीसारखं टोक असलेल्या पान्याने."

"तो इमारतीत कुणाकडे असतो?"

मिस्त्री उठले, हात पुसले. "माझ्याकडे."

बाजूला मावशी फरशी पुसत होत्या. त्यांचा पोचारा जुना होता. चिंध्या दांडीला मेणाच्या दोऱ्याने आवळून बांधलेल्या होत्या. तो क्षणभर थांबला आणि परत फिरू लागला.

साहेब म्हणाले, "उद्या कंपनीचा माणूस ही गाडी बघायला येतोय. आज सहापर्यंत सीट कुठे गेली ते कळलं पाहिजे. नाहीतर मिस्त्री, तुम्हाला घरी जावं लागेल. आणि कशासाठी गेलात, ते कागदावर लिहावं लागेल."

बावीस वर्षं त्या माणसाने तिथे पाना चालवला होता. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. तो काहीच बोलला नाही, आणि नेमकं तेच एका बाईला खटकलं.

२

ती बाई म्हणजे यादीताई. गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी प्रत्येक गाडी ती कंपनीच्या यादीवर तपासायची. एकशे बारा कलमं, एकशे बारा खुणा. घरी जेवायला बसली तरी ताट-वाटी-पाणी मोजून घेते, असं पोपट म्हणायचा. तिला हे काम मिस्त्रींनीच शिकवलं होतं.

"साहेब, सहापर्यंत मला द्या," ती म्हणाली.

"तुम्ही काय करणार?"

"यादी."

आधी तिने स्वतःशीच हिशेब मांडला. गाडीत साधी सीट आलीय, तर ती कुठल्यातरी साध्या गाडीतूनच आली असणार. पोपटने ती दांडी शेवटची ओढली त्याला दहा दिवस झाले, तोवर सगळं जागेवर होतं. आणि या दहा दिवसांत इमारतीत साधी गाडी एकच आली. ती एका निवृत्त ग्रंथपाल बाईंनी घेतली. संध्याकाळी आली, रात्रभर ताबा देण्याच्या खोलीत उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी अकराला गेली. आज त्याला नऊ दिवस.

ती पोपटकडे गेली. "ग्रंथपाल बाईंची गाडी तूच विकलीस ना?"

"हो. का ताई?"

"सीटबद्दल काही बोलला होतास?"

"साध्या गाडीलाही सीट वर-खाली होते, एवढंच. बाई उंचीने अशा," त्याने टेबलाच्या कडेला हात लावला, "म्हणून मुद्दाम सांगितलं. त्यावरच तर त्यांनी घेतली."

"साध्या गाडीला होत नाही."

"होते की. हे बघ." पोपटने टेबलावरच्या काचेखालचा कागद दाखवला. तीन रकाने, तीन किमती, आणि साध्याच्या रकान्यात सीटसमोर ठसठशीत बरोबरची खूण.

यादीताईने तारीख वाचली. "हा गेल्या महिन्याचा आहे. नवा कुठे आहे?"

"नवा आला तेव्हा बघितला मी. किंमत तीच होती."

"आणि खाली?"

पोपटने खणातून नवा कागद काढला आणि खालपर्यंत वाचला. कंपनीने किमतीला हात लावला नव्हता, साध्या गाडीतून सीटची दांडी तेवढी काढून घेतली होती. वरचा आकडा तोच, म्हणून खाली कुणी वाचलंच नाही.

"म्हणजे मी बाईंना खोटं बोललो," पोपट म्हणाला. मग घाईने, "पण सीट मी नाही हलवली ताई. मला घरचा बल्ब बदलता येत नाही."

ते खरं होतं. पण कारण असलेला माणूस मिळाला होता, आणि पाना असलेला माणूसही. दोघं मिळून असतील तर?

३

ती दाखवायच्या गाडीत जाऊन बसली. दार लावलं. नव्या गाडीचा तो वास. समोर सगळं चकचकीत, आणि मध्यभागी लहानसं घड्याळ. तीन बावन्न.

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

उभ्या गाडीतलं घड्याळ कोण बघतं? पण यादीताईच्या यादीत घड्याळ हे एकोणचाळिसावं कलम होतं आणि या गाडीचं तिने स्वतः लावलं होतं. तिने मिस्त्रींना हाक मारली.

"दादा, सीट काढताना बॅटरी सोडावी लागते?"

"सीटखाली सीटबेल्टच्या पट्ट्याची तार असते. बॅटरी न सोडता तिला हात लावला तर समोर लाल दिवा पेटून राहतो. अडाणी माणूस तशीच ओढतो. शिकलेला असेल तो सोडतो."

"आणि परत जोडली की घड्याळ?"

"शून्यापासून सुरू." ते उत्तर देऊन गेले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय दिलं.

चोवीस तासांचं घड्याळ, शून्यापासून निघालेलं, सहा तास वीस मिनिटं मागे. म्हणजे बॅटरी जोडली गेली ती सकाळी सहा वीसला. साधी गाडी इमारतीत एकाच रात्री होती, तेव्हा सकाळही एकच. ग्रंथपाल बाई अकराला आल्या, तीच.

मिस्त्री नऊच्या बसने येतात. त्या दिवशीही नऊलाच आल्याची नोंद होती. पोपट साडेनऊला येतो, साहेब त्यांना वाटेल तेव्हा.

पाचला कुलूप उघडतात त्या मावशी.

"सकाळी तुमच्याबरोबर कोण असतं मावशी?" तिने विचारलं.

"मी असते आणि उजेड असतो." मावशींनी पोचारा पिळला. "आठपर्यंत तिसरं कुणी नाही."

"कुणाला आत घेतलं होतंत का?"

"नाही बाई." थोडं थांबून, फरशीकडेच बघत त्या म्हणाल्या, "ती सीट वेगळी घेतली तर कितीला पडते गं?"

"का?"

"सहज. इथे सगळ्याचीच किंमत सांगतात."

फरशी पुसणारी बाई सीट कशी काढेल आणि कापड कसं चढवेल? यादीताई परत गाडीपाशी गेली, आडवी झाली आणि टॉर्च घेऊन सीटच्या खाली शिरली. कारखान्यात कापड तारेच्या कड्यांनी बसवतात. इथे कडी नव्हती. मेणाचा दोरा होता, आणि दर चार बोटांवर एक बारीक, चपटी, दुहेरी गाठ, लहान मुलाच्या बंडीला आई मारते इतक्या मायेने मारलेली.

"दादा, ही गाठ कुणाची?"

मिस्त्रींनी खाली वाकून बघायचीही तसदी घेतली नाही. सकाळीच बघितली होती त्यांनी.

"गादीवाल्याची," ते म्हणाले. "मागच्या गल्लीत गाड्यांच्या सीटा शिवायचा. अशी गाठ दुसऱ्या कुणाची नाही पाहिली मी."

"मग त्याला विचारू या."

"त्याला जाऊन चार वर्षं झाली, पोरी."

४

दुपारी यादीताई ग्रंथपाल बाईंच्या घरी गेली. दोन खोल्या, भिंतभर पुस्तकं, खिडकीखाली ती साधी पांढरी गाडी. बाई इतक्या ठेंगण्या की दार उघडलं तेव्हा यादीताईला आधी कुणी दिसलंच नाही.

"गाडीत काही कमी आहे का, ते बघायला आले," ती म्हणाली.

"कमी? या, बसा."

खुर्चीवर एक निळी जाड उशी होती, अजून प्लास्टिकच्या पिशवीत. यादीताई ती उचलून बाजूला ठेवणार, तर बाई हसल्या.

"ती गाडीसाठी आणली होती. आदल्या संध्याकाळी गाडी बघायला आले ना, तेव्हा चालकाच्या जागेवर बसून पाहिलं. समोर नुसतं स्टिअरिंग. तुमच्या त्या मुलाने सांगितलेली दांडी शोधली, सापडेना. विचारायची लाज वाटली. या वयात गाडी शिकले, त्यात हेही कळत नाही म्हणतील. जाताना उशी घेतली."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी बसले तर दांडी तिथेच. ओढली आणि वर आले." बाईंनी हात छातीवर ठेवला. "चौतीस वर्षं मी शेजारच्या सीटवर बसले हो. हे चालवायचे. मला तिथून काय दिसायचं? झाडांचे शेंडे, विजेच्या तारा, ढग. हे म्हणायचे, केवढं सुंदर वळण आहे बघ, आणि मी म्हणायची, हो. वळण मला दिसायचंच नाही. ते गेल्यावर वाटलं, ज्या रस्त्यांवरून आपल्याला एवढं फिरवून आणलं, ते एकदा बघावेत तरी."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"नवलच विचारता. त्या संध्याकाळी तिथे फरशी पुसणाऱ्या बाई होत्या. मला शोधताना बघून जवळ आल्या, पाणी दिलं. त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, मालक कधी गेले? मी म्हटलं, दोन वर्षं. त्या म्हणाल्या, माझे चार."

यादीताई उठली. दारापर्यंत गेली, परत वळली. सीट मागायला आलोय, हे तिच्या जिभेवर होतं. ते तिने तसंच गिळलं आणि विचारलं, "पोपटने तुम्हाला किमतीचा कागद दिला होता, तो आहे का तुमच्याकडे?"

५

सव्वापाचला साहेबांच्या खोलीत सगळे उभे होते. मावशी दाराशी, पोचारा हातात. यादीताईने त्याच्याकडे एकदा बघितलं. चिंध्यांवरचा मेणाचा दोरा, आणि त्यावर बारीक, चपट्या, दुहेरी गाठी. रोज डोळ्यांसमोरून जायचा तो पोचारा.

"सीट सापडली," ती म्हणाली. "ग्रंथपाल बाईंच्या गाडीत आहे."

"मग आणायची. चोरीचा माल आहे."

"तेवढं एकदा बघा साहेब." तिने टेबलावर तीन कागद मांडले. "हा पोपटच्या काचेखालचा. जुना. हा बाईंना दिलेला किमतीचा कागद, त्यात लिहिलंय, चालकाची सीट वर-खाली होते. खाली सही तुमची. आणि ही माझी यादी, बाईंच्या गाडीची, आदल्या संध्याकाळी भरलेली. सीटची उंची, नाही. ही खूण माझी. मी कंपनीच्या कागदाशी ताडून बघितलं आणि पुढच्या कलमावर गेले. गाडी कुणासाठी चाललीय ते बघितलं नाही."

साहेबांनी आपली सही दोनदा वाचली.

"आपण त्यांना सीट विकली, पैसे घेतले आणि दिली नाही. वरचा आकडा तोच होता म्हणून तुम्ही आणि पोपटने खाली वाचलं नाही, आणि मी वाचूनही पुढे गेले. चोरी म्हणायची तर ती आपली. ज्याने सीट बदलली त्याने आपला शब्द पाळलाय."

"पण बदलली कुणी?"

एकशे बारा कलमं न चुकता भरणाऱ्या यादीताईने हे एक कोरं सोडलं.

"मी," मिस्त्री म्हणाले.

"दादा, सहा वीसला तुम्ही बसमध्येही बसला नव्हता."

"मग तुला काय करायचंय? लिहून टाका माझं नाव. चौदा महिन्यांचा तर प्रश्न आहे."

मावशींनी पोचारा भिंतीला टेकवला. कमरेची पिशवी सोडली आणि एक पाना टेबलावर ठेवला. लाकडी मुठीचा, मूठ हाताने झिजून काळी झालेली. टोकाला चांदणी.

"ह्यांचा आहे," त्या म्हणाल्या. "हे सांगाडा काढायचे, मी कापड ओढायची, गाठी मी मारायची. वीस वर्षं. गाठ गादीवाल्याची म्हणतात लोक, ती माझी आहे. मिस्त्रीभाऊंना ठाऊक होतं. मला इथे त्यांनीच लावलं."

मग त्या पुढे बोलल्या.

"शेकडो गाड्यांच्या सीटा शिवल्या आम्ही. एकीतही फिरलो नाही. पण काम झालं की हे चालकाच्या जागेवर बसायचे, मला शेजारी बसवायचे, दार लावून घ्यायचे. गाडी जाग्यावरच. स्टिअरिंगला हात लावून विचारायचे, बोल, कुठे जायचं? मी आपली म्हणायची, घरी. स्वयंपाक पडलेला असायचा ना." त्यांनी पदराने पान्याची मूठ पुसली. "वीस वर्षं घरीच म्हणत राहिले. एकदा तरी दुसरं काही म्हणायला हवं होतं. इथे रोज सकाळी फरशी झाली की मी त्या गाडीत बसते थोडा वेळ. शेजारच्या सीटवर. आणि त्या दिवशी ही बाई मला म्हणाली, मला नुसते ढग दिसायचे. म्हटलं, निदान हिला तरी रस्ता दिसू दे."

साहेबांनी तिन्ही कागद एकावर एक ठेवले. वाईट माणूस नव्हता तो. घाईत सही करणारा होता, एवढंच.

"दांडीची नवी सीट मागव," ते पोपटला म्हणाले. "पैसे माझ्याकडून. उद्या कंपनीच्या माणसाला काय झालं ते मी सांगेन. आणि तो काचेखालचा कागद फाड. मिस्त्री, तुम्ही कामावर जा." मग मावशींकडे न बघता हात पुढे केला. "काम राहील मावशी. पण किल्ली द्या. यापुढे आठलाच यायचं, सगळ्यांबरोबर."

मावशींनी किल्ली दिली. काम राहिलं. सकाळचा तो थोडा वेळ मात्र गेला. आणि त्या खोलीत त्याची किंमत दोघांनाच कळली, मिस्त्रींना आणि यादीताईला.

६

आता तुम्ही म्हणाल, गुन्हा उलगडला, गोष्ट संपली. उलगडला खरा. पण यादीताईची यादी एका रिकाम्या रकान्यासकट घरी जाणारी नव्हती.

पुढच्या रविवारी दुपारी मावशींच्या दारात पांढरी गाडी उभी राहिली. आत ग्रंथपाल बाई, मान ताठ, डोळे स्टिअरिंगच्या बरोबर वर.

"चला," त्या म्हणाल्या.

"मी कशाला?"

"तुमच्या सीटची तपासणी करायला. तुमच्या त्या यादीवाल्या मुलीने पाठवलंय, हे कलम राहिलंय म्हणे."

मावशी शेजारच्या सीटवर बसल्या. दार लावलं. त्यांचा हात आपसूक शेजारी, चालकाच्या सीटखाली गेला. गाठी होत्या जागच्या जागी, चार चार बोटांवर.

ग्रंथपाल बाईंनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि विचारलं, "बोला, कुठे जायचं?"

मावशींनी समोर बघितलं. त्यांच्या जागेवरून झाडांचे शेंडे दिसत होते, तारा दिसत होत्या, एक मोठा पांढरा ढग होता. घर मागे होतं. चूल पेटायची होती. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"लांब," त्या म्हणाल्या.

तर मंडळी, एवढीच गोष्ट. आता माझं एक मागणं आहे, ते ऐका आणि मग उठा. तुम्ही उद्या कुणाच्या ना कुणाच्या गाडीत बसाल, साध्या म्हणा, भरलेल्या म्हणा. निघण्याआधी एकदा हात सीटखाली घाला. तिथे शिवण लागेल, टाका लागेल, नशीब असेल तर एखादी गाठही लागेल. तेव्हा जागेवर उभ्या गाडीत बायकोला कुठे जायचं विचारणाऱ्या त्या गादीवाल्याची आठवण काढा. त्याचं नाव मला कुणी सांगितलं नाही. तुम्ही नावाशिवायच काढा, ती पोचेल.